सदतीस वर्षांचा नवा गडी

सदतीस वर्षांचा आमदार आपल्याकडे युवा नेता असतो. सदतीस वर्षांचा कवी नवोदित असतो. सदतीस वर्षांच्या मुलाचं लग्न जमत नसेल, तर त्याची आई 'अजून कुठं एवढं वय झालंय' म्हणून सांगत फिरते. क्रिकेटपटू तेवढा सदतिसाव्या वर्षी म्हातारा होतो, आणि तो म्हातारा झालाय हे त्याला सांगायचं काम जिन्याच्या मधल्या वळणावर दम खायला थांबणारी मंडळी अंगावर घेतात.

रवींद्र जडेजा चेन्नई सोडून राजस्थान रॉयल्समध्ये आला, ही बातमी नोव्हेंबर 2025 मधली. बदल्यात संजू सॅमसन चेन्नईला गेला. सॅमसनचे 18 कोटी तसेच राहिले, जडेजाच्या 18 चे 14 झाले. डिसेंबरात जडेजाला 37 पूर्ण झाली. म्हणजे चर्चेला लागणारा सगळा माल वेळेत पोचला, आणि जयपूरला तो चघळायला अख्खी थंडी मिळाली. तिकडची थंडी यासाठी उत्तम. ऊन खात बसायचं असतं, आणि नुसतं ऊन किती खाणार?

संक्रांतीला मी जयपुरात आत्याकडे होतो. आत्या आणि आतोबा चाळीसेक वर्षांपूर्वी बँकेच्या बदलीवर तिकडे गेले ते तिथलेच झाले. आतोबा आता वरणभातावर बिकानेरी भुजिया घालून खातात आणि यात काही चुकतंय असं त्यांना वाटत नाही. संक्रांतीच्या दिवशी त्या शहरात घरात कुणी सापडत नाही, सगळे गच्चीवर. मोठाले स्पीकर, भरलेल्या चरख्या, मांजानं कापू नये म्हणून बोटांना चिकटपट्ट्या, ताटात गजक, फीणी आणि तिळाचे लाडू, आणि मिनिटामिनिटाला कुठल्या तरी गच्चीवरून 'वो काटा!' आत्यानं आपल्या रीतीप्रमाणे सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणून सांगितलं आणि ती गुळाच्या पोळ्या करायला खाली गेली. मग जडेजाचा विषय निघाला आणि संध्याकाळपर्यंत कुणी कुणाशी गोड बोललं नाही.

शेजारच्या गच्चीवर एक जौहरीजी असतात. जोहरी बाजारात पिढीजात पेढी. त्यांना क्रिकेट कितपत कळतं हे सांगता येणार नाही, पण व्यवहार कळतो. ते म्हणाले, "भाईसाब, माल लौटकर आए तो दाम बाद में पूछते हैं. पहले पूछते हैं, लौटा क्यों?" जडेजा मुळात याच पेढीवरचा. 2008 मध्ये एकोणीस वर्षांचा असताना तो रॉयल्सकडूनच पहिल्यांदा आयपीएल खेळला. 2010 मध्ये दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून एक अख्खा मोसम त्याला घरी बसावं लागलं. पुढे कोची, मग चेन्नई, मध्ये दोन वर्षं गुजरात लायन्स, पुन्हा चेन्नई. जौहरीजींना हा इतिहास तोंडपाठ होता. त्यांचा मुख्य संशय मात्र चार कोटींवर. "चार करोड़ छोड़ दिए. कोई ऐसे ही छोड़ता है?" असं म्हणून त्यांनी एक डोळा बारीक करून आकाशातल्या पतंगाकडे पाहिलं. त्यातही त्यांना खोट दिसली असावी, कारण पुढच्याच मिनिटाला तो कापला गेला.

आतोबांचा भर गुडघ्यावर. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते कुठल्याही खेळाडूचा खेळ कमरेच्या खालीच बघतात. फलंदाजानं कव्हर ड्राइव्ह मारला की आपण चेंडू बघतो, आतोबा पुढचा पाय बघतात. "वाकतो बरोबर," ते जडेजाबद्दल म्हणाले, "पण उठताना हात टेकतो." जडेजाला हात टेकताना मी कधी पाहिलेलं नाही. उलट पॉइंटला उभं राहून तो अजूनही एका यष्टीवर नेम धरून फेकतो, आणि कसोटीत दुपारभर षटकं टाकतो. हात टेकून उठले ते आतोबा, गजकाचं ताट घ्यायला. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. 'जयपूर फूट' ज्या शहरात, ज्या सवाई मानसिंह रुग्णालयात जन्मला, त्या शहरातल्या माणसाशी पायांविषयी वाद घालू नये.

खरा घाव घातला तो जौहरीजींच्या नातवानं. वय वर्षं चौदा. तो चरखी धरून मुकाट ऐकत होता, मध्येच म्हणाला, "पर जडेजा अंकल ओपन थोड़ी करेंगे."

जडेजा अंकल! आतोबांनी मांजा सोडून दिला. जडेजा जर अंकल, तर गच्चीवर बसलेले आम्ही कोण, हा हिशेब प्रत्येकानं मनातल्या मनात केला, आणि त्या क्षणापासून दोन्ही गच्च्यांवरचं मतदान फिरलं. मघापर्यंत जडेजाला घरी पाठवायला निघालेली माणसं त्याच्या बाजूनं उभी राहिली. जौहरीजी म्हणाले, चौदा कोटींत वाईट नाही. आतोबा म्हणाले, गुडघा तसा ठीक आहे. आणि आतोबांनी वॉर्न काढला.

जयपुरात म्हाताऱ्या खेळाडूचा विषय निघाला की वॉर्न निघतोच, आणि निघायलाच हवा. 2008 चा लिलाव झाला तेव्हा शेन वॉर्न 38 वर्षांचा होता. कसोटी क्रिकेट सोडून त्याला वर्ष उलटलेलं. रॉयल्सनी त्याला साडेचार लाख डॉलरच्या मूळ किमतीला घेतलं, कारण त्याच्यावर दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. संघसुद्धा आठांत सर्वांत स्वस्त, 6 कोटी 70 लाख डॉलरचा. त्यात वॉर्नच कर्णधार आणि वॉर्नच प्रशिक्षक, म्हणजे पगार वाचवायची मारवाडी युक्ती असं आतोबांच्या बँकेत सगळे म्हणत. पहिलाच सामना दिल्लीत नऊ विकेटनी हरले. दुसऱ्या दिवशी बँकेत कॅश काउंटरवर पैसे मोजता मोजता निकाल लागला होता: म्हातारं पैसे घेऊन जाणार.

म्हातारं चषक घेऊन गेलं. त्या मोसमात जयपुरात रॉयल्सना कुणी हरवलं नाही. हैदराबादला शेवटच्या षटकात सतरा हव्या असताना सायमंड्सला वॉर्ननं एक चौकार आणि दोन षटकार ओढले. गोलंदाजी सोडाच, बाप्या फलंदाजी करून जिंकवत होता. तोवर फारसं नाव नसलेला युसूफ पठाण, आपल्या गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर आणि पोरसवदा जडेजा यांना घेऊन तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला. अस्नोडकर सलामीला ग्रॅम स्मिथबरोबर उतरायचा, तेव्हा स्मिथच्या खांद्याच्या बऱ्याच खाली त्याचं हेल्मेट दिसायचं आणि चेंडू मात्र बऱ्याच वरून जायचे. वॉर्न त्याला गोव्याची तोफ म्हणायचा, जडेजाला रॉकस्टार. 1 जून 2008 ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर शेवटच्या चेंडूवर चेन्नई हरली, तेव्हा खेळपट्टीवर सोहेल तन्वीरच्या जोडीला वॉर्न उभा होता. आतोबा आता सांगतात की त्यांना पहिल्या दिवसापासून खात्री होती. बँकेतले बाकीचे साक्षीदारही निवृत्त झाल्यामुळे हे तपासायची सोय नाही.

तेव्हापासून रॉयल्सना हा नाद लागला. 2011 मध्ये त्यांनी राहुल द्रविडला घेतलं, त्या मोसमात त्याचंही वय 38. आपला माणूस, इंदूरचा मराठी, त्यामुळे आत्याकडे एकदम घरचं वातावरण. बाकी जयपूर मात्र हळहळलं: वीस षटकांत हा नांगर टाकून बसणार. द्रविडनं त्याच वर्षी ऑगस्टात मँचेस्टरला आयुष्यातला पहिला आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी खेळून घेतला, त्यात लागोपाठ तीन षटकार मारले, आणि 2012 व 2013 या दोन्ही मोसमांत आयपीएलमध्ये चारशेच्या वर धावा केल्या. 2012 मध्ये जोडीला 41 वर्षांचा ब्रॅड हॉग आला. दुसऱ्या शहरात याला वृद्धाश्रम म्हटलं असतं. जयपूर हे किल्ले आणि हवेल्या दाखवून पोट भरणारं शहर आहे. जुनं ते तिकीट लावून दाखवायचं, हे तिथं लहानपणापासून शिकवतात.

पण या सगळ्यांवर कडी केली ती मुलुंडच्या माणसानं.

प्रवीण तांबे यांचा जन्म 8 ऑक्टोबर 1971 चा. कांगा लीग, टाइम्स शील्ड, ओरिएंट शिपिंगचा संघ. आधी मध्यमगती टाकायचे, मग कर्णधारानं सांगितलं म्हणून लेगस्पिन. मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं घाम गाळूनही रणजीची टोपी नाही. मुंबईत अशी माणसं पुष्कळ असतात. लोकलमध्ये किटबॅग मांडीवर घेऊन झोपलेली आपण त्यांना पाहतो. हे मात्र द्रविडच्या नजरेत भरले. 7 मे 2013 ला सवाई मानसिंह स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध त्यांना उतरवण्यात आलं, तेव्हा त्यांचं वय होतं 41 वर्षं 211 दिवस. आयपीएलमध्ये इतक्या वयात पदार्पण कुणी केलेलं नव्हतं, त्यानंतरही केलेलं नाही.

आतोबा त्या दिवशी स्टेडियमवर होते. शेजारच्या माणसानं विचारलं, "ये कौन है? फिजियो है क्या?" पुढे 2022 मध्ये श्रेयस तळपदेनं त्यांच्यावर सिनेमा केला, त्याचं नावच 'कौन प्रवीण तांबे?' आतोबा त्या नावाच्या मानधनात आपल्या शेजाऱ्याचा वाटा मागतात.

पहिल्या मोसमात तांब्यांना तीनच सामने मिळाले. मग आली चॅम्पियन्स लीग. पाच सामने, 12 बळी, स्पर्धेत सर्वाधिक. उपांत्य फेरी जयपुरात, समोर चेन्नई: चार षटकं, 10 धावा, 3 बळी. अंतिम सामना दिल्लीत 6 ऑक्टोबरला झाला आणि मुंबईनं जिंकला. सचिन आणि द्रविड दोघांचा तो शेवटचा टी-ट्वेंटी सामना. सगळा देश त्या दोघांना निरोप देत असताना तांबे नुकते रुजू झाले होते, आणि दोनच दिवसांनी त्यांना बेचाळीस पूर्ण झाली. डिसेंबरात मुंबईनं त्यांना रणजीत घेतलं. घ्यावंच लागलं.

त्यांची 2014 ची हॅट्‌ट्रिक तर मला मुंबईच्या मध्यमवर्गाचं स्मारक वाटते. अहमदाबादला कोलकात्याविरुद्ध सामना. कोलकात्याच्या बिनबाद 121 धावा, सामना गेल्यात जमा. वॉटसननं एका षटकात तिघांना काढलं. मग तांब्यांनी मनीष पांडेला वाइड चेंडूवर यष्टिचित केलं, युसूफ पठाणचा स्वतःच झेल घेतला आणि टेन डुशाटेला पायचीत केलं. कोलकाता 6 बाद 123. वाइड हा मोजणीत चेंडू धरत नाहीत, म्हणजे तीन बळी आले अधिकृत दोन चेंडूंत. इतक्या काटकसरीनं संसार मुलुंडच्याच माणसाला जमतो.

या माणसानं क्रिकेटचं भलं केलं यात शंका नाही, पण चाळिशीतल्या घरांचं वाटोळं केलं त्याची कुठे नोंद नाही. तोवर चाळिशी ओलांडलेला मराठी पुरुष टीव्हीसमोर शांत बसून असायचा. आपल्याला संधी मिळाली नाही, मिळाली असती तर दाखवलं असतं, हे त्याचं दुःख पक्कं होतं आणि त्यात एक सुरक्षितता होती. तांब्यांनी ती काढून घेतली. आता 'वय झालं' हे कारण चालेना. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत माळ्यावरून किटबॅगा खाली आल्या. त्यातून झुरळं निघाली, पिवळे पडलेले ग्लोव्ह्‌ज निघाले, 1994 सालचं सेंटर गार्ड निघालं आणि ते घरात कुणी हातात घ्यायला तयार होईना. सोसायट्यांच्या व्हॉट्‌सअ‍ॅप ग्रुपवर 'रविवारी सकाळी सहा, टर्फ बुक केलंय' असे निरोप फिरू लागले.

माझा मेहुणा त्यातलाच. कॉलेजात लेगस्पिन टाकायचा, म्हणजे तो तसं सांगतो. रविवारी सहाला घोडबंदर रोडवरच्या टर्फवर त्यानं पहिला चेंडू टाकला आणि तो टाकून झाल्यावर तो जिथं होता तिथंच राहिला. मागचा पाय मागे, पुढचा पुढे. चार जणांनी त्याला त्याच अवस्थेत उचलून गाडीत घातलं, आणि गाडीत तो त्या अवस्थेत मावेना म्हणून टेम्पो आणला. घरी क्रेप बँडेज, बर्फाची पिशवी, आयोडेक्सचा वास, आणि सोफ्यावरून त्याचं भाषण: तांब्यांनासुद्धा सुरुवातीला दुखापती झाल्या असतील. माझी बहीण स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "तांब्यांनी वीस वर्षं रोज बोलिंग टाकली. तू वीस वर्षं रोज काय केलंस?"

या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

तांबे मात्र थांबले नाहीत. डिसेंबर 2019 मध्ये 48 व्या वर्षी कोलकात्यानं त्यांना 20 लाखांना घेतलं. परदेशात टी-टेन खेळल्यामुळे मंडळानं आयपीएल खेळू दिलं नाही, तर ते पुढच्या वर्षी वेस्ट इंडीजला जाऊन कॅरिबियन लीग खेळून आले. मेहुण्याला आम्ही ही बातमी कळू दिली नाही.

आता उलटी बाजू. 19 एप्रिल 2025 ला याच सवाई मानसिंह स्टेडियमवर याच रॉयल्सनी वैभव सूर्यवंशीला उतरवलं. वय 14 वर्षं 23 दिवस. पहिल्याच चेंडूवर त्यानं पालघरच्या आपल्या शार्दूल ठाकूरला षटकार मारला. नऊ दिवसांनी तिथंच 35 चेंडूंत शतक ठोकलं, तेव्हा पायाला दुखापत होऊन चाकांच्या खुर्चीत बसलेला प्रशिक्षक द्रविड खुर्ची विसरून उभा राहिला. आतोबा म्हणतात, त्या दिवशी त्यांनी शतक पाहिलंच नाही, द्रविडचा पाय पाहिला. म्हणजे आयपीएलमधलं सर्वांत म्हातारं पदार्पण आणि सर्वांत कोवळं पदार्पण, दोन्ही एकाच मैदानावर, एकाच संघाकडून, आणि दोन्ही वेळा द्रविड हजर, एकदा कर्णधार म्हणून आणि एकदा प्रशिक्षक म्हणून.

तांब्यांमुळे जे हाल चाळिशीतल्यांचे झाले, तेच सूर्यवंशीमुळे चौदा वर्षांच्या पोरांचे झालेत. जौहरीजींच्या सूनबाई गच्चीवर आल्या आणि नातवाला म्हणाल्या, "वो तेरी उम्र में करोड़ कमा रहा है, तुझसे चरखी नहीं पकड़ी जाती." मला त्या पोराची दया आली. मघाचं 'अंकल' मी तिथंच माफ केलं.

एवढा पुरावा डोळ्यांसमोर असताना जयपूरकरांनी वयावर बोलणंच सोडायला हवं होतं. पण नाही. जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्र आहे, सुमारे 27 मीटर उंचीचं, जगातलं सर्वांत मोठं सूर्यघड्याळ. सावली बघून दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ सांगतं. ते बांधणाऱ्या सवाई जयसिंहाच्या शहरात एका डावखुऱ्या फिरकीपटूची वेळ झाली की नाही, यावर दोन गच्च्यांचं एकमत होत नाही.

मध्येच न्यू जर्सीहून आतेभावाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. जडेजा म्हटल्यावर तो खिन्न झाला. तो तिथल्या जेट्स या फुटबॉल संघाचा भक्त. त्यांनी 2023 मध्ये एरन रॉजर्स नावाचा 39 वर्षांचा नामांकित क्वार्टरबॅक मोठ्या थाटात आणला. पहिल्या सामन्यात चौथ्याच खेळीला त्याच्या टाचेची शीर तुटली आणि मोसम संपला. "म्हातारे आणू नका रे," आतेभाऊ सांगत होता. आतोबांनी एकच विचारलं, कुठला पाय? तो म्हणाला, डावा. आतोबांनी समाधानानं मान हलवली. त्यांचं ऑपरेशन उजव्याचं होतं. आत्यानं फोन हातात घेऊन टँपाच्या ब्रेडीचं काय, असं विचारलं. तिला हे कुठून कळलं कुणास ठाऊक. तो 43 व्या वर्षी नव्या संघाकडून सुपर बोल जिंकला, हे आतेभावाला कबूल करावं लागलं, आणि कॉल तुटला. किंवा त्यानं तोडला.

माझं मत विचाराल तर, आणि गच्चीवर ते कुणी विचारलं नाही म्हणून इथं सांगतो, जडेजाला चारही षटकं द्यावीत, आणि बाराव्या षटकाच्या आत फलंदाजीला पाठवावं. सतराव्याला पाठवून मग वय काढू नये. त्याला सीमारेषेवर पळवू नये, पॉइंटलाच ठेवावं. 'अंकल' म्हणणाऱ्या पोरांच्या शेजारी त्याला ड्रेसिंग रूममध्ये बसवू नये. एवढं सांभाळलं तर त्याचे दोन मोसम नक्की आहेत. तिसऱ्याचं विचाराल, तर आधी आतोबांचा डावा गुडघा काय म्हणतो ते बघावं लागेल.